चिमूटभर धुळीचा हिशेब

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस घरोघरी एकच धांदल उडालेली असते. माळे उपसले जातात, पंख्यांची पाती पुसली जातात, कपाटामागे वर्षभर कुणाचा हात पोहोचलेला नसतो तिथे केरसुणी पोहोचते, आणि मग जमलेल्या करड्या ढिगाकडे पाहून, "अगबाई, एवढी धूळ आली तरी कुठून?" असा प्रश्न गृहिणीला दरसाल नव्याने पडतो. मुंबई-पुण्याकडे हा प्रश्न सुपलीत भरून बाहेर टाकला की मिटतो. चंद्रपुरात तो तसा मिटत नाही. धूळ कुठून आली हे तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिथला प्रश्न निराळा आहे : या धुळीत आहे तरी काय?

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला दुर्गापूर व ऊर्जानगर या वस्त्या आहेत आणि त्यांच्या शेजारी महानिर्मितीचे महाऔष्णिक विद्युत केंद्र उभे आहे. १९८०च्या दशकात त्याचे पहिले संच सुरू झाले. आज त्याची क्षमता तीन हजार मेगावॅटच्या आसपास आहे. भोवताली कोळशाच्या खाणी, घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरला कागदाचा. वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेले की गडचिरोलीचे जंगल लागते. १९८२ सालापर्यंत तो चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. तिथेही आता एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आणि ते वाहून नेणाऱ्या ट्रकांची तांबडी धूळ रस्त्याकडेच्या झाडांवर बसते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून त्याचा चौथा क्रमांक आला. शाळेच्या परीक्षेत एवढे गुण पडले तर पेढे वाटावेत. इथे अर्थ नेमका उलटा आहे.

ही राख परक्याची आहे असे मात्र कुणी समजू नये. एक युनिट वीज काढायला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो, आणि आपल्याकडच्या कोळशात राखेचा अंश फार, शंभरात पस्तीसच्या आसपास. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख. ज्या कुटुंबाचे महिन्याचे बिल शंभर-सव्वाशे युनिटांचे, त्याच्या वाट्याला महिन्याकाठी पंचवीस-तीस किलो राख येते. ती आपल्या गच्चीत पडत नाही, कुणाच्या तरी अंगणात पडते, एवढाच फरक.

आता या राखेविषयी गेली काही वर्षे एक गोष्ट कानोकानी पसरली आहे. "राखेत म्हणे युरेनियम असते! म्हणजे आम्ही श्वासाबरोबर अणुबाँबच ओढतोय की काय?" ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असेच हे वाक्य आहे. त्यावर कुणी हसून सोडून देतो, कुणी घर विकायच्या गोष्टी बोलू लागतो. दोन्ही करण्याआधी थोडे गणित करून पाहावे. गणित अवघड नाही. चार-पाच आकड्यांचा गुणाकार आहे, आणि तो एकदा जमला की कुठल्याही धुळीला लावून पाहता येतो.

पहिली गोष्ट ही की बातमी खोटी नाही. कोळशात युरेनियम असते आणि थोरियमही असते. डिसेंबर १९७८ मध्ये 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात एक लेख आला होता. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे शेजाऱ्यांना मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा ही नीट चालणाऱ्या अणुवीजकेंद्रामुळे मिळणाऱ्या मात्रेइतकी किंवा तिच्याहून जास्त असू शकते, असे त्यात दाखवले होते. लेखकांच्या म्हणण्याचा रोख असा की दोन्ही मात्रा अगदी थोड्या आहेत. पण बातमीचा प्रवास नेहमीप्रमाणेच झाला : 'जास्त' हा शब्द जगभर फिरला आणि 'थोड्या' हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला.

किती असते हे युरेनियम? सर्वसाधारण कोळशाच्या एका टनात दीड-दोन ग्रॅम युरेनियम व चार-पाच ग्रॅम थोरियम धरायला हरकत नाही. गंमत अशी की परसातल्या साध्या मातीत ही दोन्ही द्रव्ये याहून थोडी जास्तच असतात. मात्र कोळसा जळून जातो आणि धातू मागे उरतात, त्यामुळे राखेत त्यांचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढते. दूध आटवले की साखर जास्त लागते, तसेच. शास्त्रज्ञ हे प्रमाण ग्रॅममध्ये न सांगता बेकरेलमध्ये सांगतात. एका सेकंदाला एक अणू फुटला तर तो एक बेकरेल. कोळशात किलोमागे साधारण २० बेकरेल युरेनियम व तितकेच थोरियम, तर राखेत किलोमागे ५० ते १०० किंवा काही ठिकाणी त्याहून थोडे अधिक. हे मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. राख किंवा माती वाळवून, चाळून बरणीत भरतात आणि झाकण घट्ट लावून महिनाभर तशीच ठेवतात, जणू मुरांबाच मुरायला ठेवला आहे! आतल्या रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू व त्याची पुढची पिलावळ यांचा मेळ बसायला तेवढा अवधी लागतो. मग ती बरणी जर्मेनियमच्या शोधकावर ठेवून तिच्यातून निघणारे गॅमा किरण मोजतात.

आपण आपल्या हिशेबासाठी किलोमागे १०० बेकरेल युरेनियम व १०० बेकरेल थोरियम धरू. आकडा मुद्दाम चढा घेतला आहे. अशा हिशेबात शंका आली की ती धोक्याच्या बाजूने घ्यावी, असा संकेतच आहे.

पुढचा प्रश्न : हवेत धूळ किती? आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे दहा मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये आणि वर्षाच्या सरासरीने ६० च्या वर जाऊ नये. चंद्रपूरने ही मर्यादा पाळलेली नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत त्याचे नाव आहे. आपण वर्षभर १०० मायक्रोग्रॅम धरू. शिवाय ही सगळी धूळ राखच आहे असेही धरू. वस्तुतः तीत रस्त्याची माती असते, शेकोटीचा धूर असतो, वाहनांची काजळी असते. पण धरून चालू.

आणि श्वास किती? मोठे माणूस दिवसभरात सुमारे २२ घनमीटर हवा आत घेते. ही हवा केवढी? चाळीतली दहा बाय दहाची खोली डोळ्यांपुढे आणा. जमिनीपासून आठ फुटांपर्यंत तिच्यात जेवढी हवा मावते, जवळजवळ तेवढी आपण रोज ओढतो आणि सोडतो. वर्षाचे ८,००० घनमीटर झाले. प्रत्येक घनमीटरात १०० मायक्रोग्रॅम धूळ, म्हणजे वर्षाकाठी आठ लक्ष मायक्रोग्रॅम. आकडा भयंकर वाटतो. पण तराजूत घातला तर भरतो पाऊण ग्रॅमहून किंचित जास्त, ०.८ ग्रॅम. आमटीत टाकायची मिठाची मोठी चिमूट. चंद्रपूरकर वर्षभर ज्या धुळीच्या नावाने बोटे मोडतो, त्यातली त्याच्या श्वासात जाते ती एवढी.

या चिमटीत युरेनियमचा किरणोत्सर्ग ०.०८ बेकरेल, म्हणजे बारा-तेरा सेकंदांत एक अणू फुटणार. थोरियमचेही तेवढेच. इथवर ऐकून कुणी सुटकेचा निःश्वास टाकील, तर थोडे थांबावे. कारण खरी गोम पुढेच आहे. युरेनियम व थोरियम एकटे नसतात. त्यांच्या मागे रेडियम, पोलोनियम, शिसे अशी किरणोत्सर्गी वंशावळ असते. शिवाय या मंडळींतले बहुतेक जण आल्फा कण फेकतात. आल्फा कण बाहेरून आला तर कातडीच काय, वर्तमानपत्राचा कागदही त्याला अडवतो. पण तोच फुप्फुसाच्या आत सुटला तर त्याची सारी शक्ती केसाच्या जाडीएवढ्या अंतरातल्या पेशींवर रिकामी होते. म्हणून अंगावर पडलेली धूळ वेगळी आणि श्वासात गेलेली वेगळी.

हा फरक हिशेबात आणण्यासाठी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने प्रत्येक द्रव्यासाठी गुणक ठरवून दिले आहेत. एक बेकरेल श्वासात गेले तर शरीराला एकूण किती मात्रा मिळेल, हे तो गुणक सांगतो. कण केवढा आहे, तो नाकात अडकेल की फुप्फुसाच्या तळाशी जाईल, तिथे विरघळेल की वर्षानुवर्षे चिकटून राहील, रक्तातून हाडांत जाईल काय, हे सारे त्यात धरलेले असते. एवढेच नव्हे, तर आज आत गेलेला कण पुढच्या पन्नास वर्षांत जे काही नुकसान करील ते सगळे आजच्याच खात्यावर मांडले जाते. सावकारानेही इतक्या पुढचे व्याज कधी आगाऊ लावले नसेल! मात्रेचे माप सिव्हर्ट. पण ते फार मोठे पडते, म्हणून त्याचा दशलक्षांश, म्हणजे मायक्रोसिव्हर्ट वापरायचा. फुप्फुसात सर्वांत जास्त काळ टिकणाऱ्या प्रकारची धूळ धरली, तर युरेनियमच्या सगळ्या वंशावळीसाठी बेकरेलमागे साधारण ५० आणि थोरियमच्या वंशावळीसाठी साधारण ८० मायक्रोसिव्हर्ट येतात.

आता गुणाकार करा. ०.०८ गुणिले ५० म्हणजे ४. ०.०८ गुणिले ८० म्हणजे ६.४. बेरीज सुमारे १० मायक्रोसिव्हर्ट, आणि तीही वर्षाची.

दहा म्हणजे किती? छातीचा एक एक्स-रे काढला की सुमारे २० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. तेव्हा हे अर्ध्या एक्स-रेइतके झाले. जगातल्या माणसाला निसर्गाकडूनच, म्हणजे आकाशातून, जमिनीतून, अन्नातून आणि घरातल्या हवेतून, वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, आणि त्यातला निम्मा वाटा भिंती-जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन वायूचा असतो. उद्योगांमुळे जनतेला यावर मिळणारी जादा मात्रा १,००० मायक्रोसिव्हर्टच्या आत असावी, अशी मर्यादा आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे. राखेच्या धुळीचे १० हे त्या मर्यादेच्या शंभरावा भाग आहेत, आणि तेही प्रत्येक ठिकाणी हात सैल सोडून.

तान्ह्या मुलांचे काय, असा प्रश्न आजीबाई विचारणारच, आणि तो योग्यही आहे. वर्षाच्या बाळासाठी गुणक जवळजवळ तिप्पट असतो. पण ते हवा घेते मोठ्या माणसाच्या चौथा हिस्सा. दोन्हींचा मेळ घातला तर बाळाची मात्रा पाऊणपटच भरते. राखेच्या बंधाऱ्यावर किंवा राख भरण्याच्या जागी राबणाऱ्या मजुराचे पाहू. त्याच्या भोवती दहापट धूळ धरली, कामाचे वर्षाला दोन हजार तास धरले, कष्टाचा श्वास जास्त धरला, तरी तीस-पस्तीस मायक्रोसिव्हर्टच्या पुढे जाता येत नाही. शिसे व पोलोनियम भट्टीच्या उष्णतेने उडून पुन्हा बारीक कणांवर बसतात, म्हणून बारीक राखेत त्यांचे प्रमाण काही पट वाढलेले असते. ते घातले तर दहाचे पंधरा होतील, फार तर वीस. आकड्याची जात बदलत नाही.

गडचिरोलीची गोष्ट आणखी मौजेची आहे. पुणे-नाशिककडचा काळा कातळ लाव्हाचा. त्यात युरेनियम-थोरियम फार कमी. पूर्व विदर्भात मात्र जुने ग्रॅनाइट व नीस खडक उघडे पडले आहेत आणि त्यांत ही द्रव्ये कातळाच्या कित्येक पट असतात. तेव्हा कारखाना नाही, खाण नाही, अशा भामरागडच्या जंगलातली लाल माती पुण्याच्या काळ्या मातीपेक्षा निसर्गतःच अधिक किरणोत्सर्गी असण्याचा संभव आहे, आणि ती युगानुयुगे तशी आहे. उलट सूरजागडच्या लोहखनिजात ही द्रव्ये सामान्यतः ग्रॅनाइटहून कमी असतात. तांबड्या धुळीचा रंग भडक. किरणोत्सर्गाच्या दृष्टीने ती करड्या राखेहून सौम्य.

जंगलाच्या त्या मातीत माणसाने टाकलेली भरही आहे. १९५० च्या व ६० च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अणुबाँबचे स्फोट केले, त्यांची राख साऱ्या पृथ्वीवर पडली. १९६३ च्या करारानंतर हे प्रकार बहुतांशी थांबले. पण त्या वेळचे सीझियम अजून मातीत आहे. त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे, म्हणजे साधारण चौथाई उरले. 'बाँबची राख' म्हटल्यावर अंगावर काटा येतो. किलोभर मातीत पाच बेकरेल सीझियम धरून आपला गुणाकार पुन्हा केला तर काय येते? एका मायक्रोसिव्हर्टचा सहा हजारावा भाग. कारण सीझियम आल्फा कण फेकत नाही आणि त्याचा गुणक थोरियमच्या मानाने हजारपटीहून लहान आहे. नाव मोठे आणि लक्षण खोटे म्हणतात ते असे. आणि ज्याचे नाव कुणी घेत नाही ते थोरियम मात्र आपल्या चिमटीत सर्वांत जास्त वजन राखून आहे.

तेव्हा हे गणित नेहमी धीरच देते काय? मुळीच नाही. आपल्याच देशात झारखंडमधील जादुगुडा इथे १९६७ सालापासून युरेनियमची खाण चालते. तिथल्या खनिजात युरेनियम हजार भागांत अर्धा भाग. पण किलोमागे बेकरेल काढले तर सहा हजारांच्या घरात जातात. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ मोठ्या तळ्यात सोडतात, आणि रेडियम वगैरे वंशावळ त्या गाळातच राहते. तो गाळ वाळला व त्याची तेवढीच ०.८ ग्रॅम धूळ कुणाच्या श्वासात गेली, तर मात्रा दीडशे मायक्रोसिव्हर्टच्या पुढे जाते. भोवती धुळीचे लोट असले, म्हणजे दहापट धूळ असली, तर हजाराची मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणूनच अशा तळ्यांतला गाळ ओला ठेवणे, भरलेल्या तळ्यावर मातीचा थर देऊन झाडोरा लावणे आणि गुरे-माणसे आत जाणार नाहीत असे कुंपण घालणे ही तिथे शोभेची कामे नाहीत. तिथल्या आदिवासी वस्त्यांनी त्यासाठी आवाज उठवला तो अकारण नव्हता.

त्याहून भयंकर उदाहरण स्पेनमधले आहे. १७ जानेवारी १९६६ रोजी पालोमारेस या खेड्यावर दोन अमेरिकन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. एकात चार हायड्रोजन बाँब होते. अणुस्फोट झाला नाही, पण दोन बाँबांमधील साधी स्फोटके जमिनीवर आदळून उडाली आणि प्लुटोनियमची धूळ टोमॅटोच्या शेतांवर पसरली. सुमारे १,४०० टन माती पिंपांत भरून समुद्रापार अमेरिकेत नेली, तरी काही जमिनीला कुंपणे राहिलीच. का? प्लुटोनियमचा एक मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला न दिसणारा कण, श्वासात गेला तर सुमारे ३७,००० मायक्रोसिव्हर्ट मात्रा होते. आपल्या राखेच्या वर्षभराच्या चिमटीचा हा आठ लाखावा हिस्सा. मात्रा मात्र साडेतीन हजार पटींहून अधिक! गुणाकार तोच, त्यात पडणारे आकडे निराळे. 'किरणोत्सर्गी धूळ' एवढ्या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही ते यासाठी.

आता चंद्रपुराकडे परत येऊ, कारण खरी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

दहा मायक्रोसिव्हर्टांनी कर्करोग होण्याची शक्यता किती वाढते, याचाही ढोबळ ठोकताळा आहे. वर्षाच्या त्या मात्रेमागे वीस लाखांत एकाला धोका, असे उत्तर येते. इतक्या लहान मात्रांना तो ठोकताळा लावू नये, असे तज्ज्ञ बजावतात. पण तुलनेपुरता लावू. आता तीच चिमूट किरणोत्सर्ग विसरून नुसती धूळ म्हणून पाहा. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढली की दीर्घ मुदतीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढते, असा जगभरच्या पाहण्यांचा निष्कर्ष आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मर्यादा कडक केल्या त्या याच आधारावर : वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम. आपले मानक ४० चे आहे. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले तर त्याचे आठ टक्के म्हणजे दोन हजारांत एक. एकीकडे वीस लाखांत एक, दुसरीकडे दोन हजारांत एक. हजार पटींचा फरक! शिवाय पहिल्या हिशेबात आपण १०० मायक्रोग्रॅम धूळ घेतली होती, दुसऱ्यात फक्त १०.

म्हणजे राखेतल्या युरेनियमला घाबरणारा माणूस दारात वाघ उभा असताना कोनाड्यातल्या झुरळाकडे बोट दाखवतो आहे. ही बारीक धूळ दम्याच्या रोग्याला धाप आणते, हृदयाच्या रोग्याला झटका आणते, वाढत्या मुलाच्या फुप्फुसाची वाढ खुंटवते. राखेत व खनिजाच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते ती वेगळीच. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिजाच्या जोडीने गारेचे पट्टे असलेला खडक आहे. गारेची बारीक भुकटी म्हणजे सिलिकाच. ती वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसात गाठी होतात आणि त्या बऱ्या होत नाहीत. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या सिलिकाला निश्चित कर्ककारक ठरवले, आणि २०१३ साली प्रदूषित हवेलाही.

या साऱ्यात एक आडवळणाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गडचिरोलीच्या जंगलातून दर उन्हाळ्यात तेंदूपाने गोळा होतात. हजारो कुटुंबांचा वर्षाचा रोख पैसा त्यातून येतो. त्या पानात तंबाखू गुंडाळली की विडी झाली. तंबाखूच्या धुरात पोलोनियम असते, हे १९६४ सालीच दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवले. रोज वीसेक सिगारेटी ओढणाऱ्याला त्यातून वर्षाला काही दशकांपासून शंभरापर्यंत मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे राखेच्या कितीतरी पट. पण तिथेही माणूस मरतो तो पोलोनियमने नव्हे, बहुतांशी बाकीच्या धुरानेच! चंद्रपूरच्या एखाद्या चौकात विडीचा झुरका घेत राखेतल्या युरेनियमवर चर्चा चालावी, हे दृश्य काही अशक्य नाही.

गडचिरोलीला श्वासाचा हिशेब नवा नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस शंभरएक गावांत पाहणी केली, तेव्हा लहान मुले न्यूमोनियाने किती दगावतात ते पुढे आले. गावातल्या दायांना आणि थोड्याफार शिकलेल्या आरोग्यसेवकांना त्यांनी मुलाचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना अंक येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी लावलेले एक साधे यंत्र बनवले. श्वास ठराविक मण्यांच्या पुढे गेले की औषध सुरू. एका वर्षात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने निम्म्याहून खाली आले, आणि १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. चुलीचा धूर कोंडलेल्या घरात मुलाला न्यूमोनिया होण्याचा संभव जवळजवळ दुप्पट होतो. अशा स्वयंपाकघरात बारीक धुराचे प्रमाण घनमीटरमागे कित्येक शेकडा मायक्रोग्रॅमपर्यंत चढते, चौकातल्या यंत्रावर दिसणाऱ्या आकड्याच्या कितीतरी वर. शुद्ध जंगलाची हवा म्हणून आपण जिचे गोडवे गातो, तिच्या पोटात अशी एक काळी खोली असते.

माझ्या मते युरेनियमच्या भीतीचा खरा तोटा निराळाच आहे. लोकांनी "किरणोत्सर्ग आहे का?" असे विचारले की उत्तर देणाऱ्याचे फावते. नमुने तपासले जातात, "किरणोत्सर्ग मर्यादेच्या आत आहे" असा दाखला येतो, आणि तो दाखला खरा असतो! नैसर्गिक युरेनियम-थोरियमसाठी किलोमागे १,००० बेकरेलच्या खाली असलेल्या द्रव्याला आंतरराष्ट्रीय नियमांत सामान्यतः वेगळे नियंत्रण लागत नाही, आणि राख त्याच्या खूप खाली बसते. दाखला घेऊन लोक घरी जातात आणि धूळ होती तिथेच राहते. ज्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आहे तोच प्रश्न विचारत राहिले, की ज्याचे उत्तर 'होय' आहे तो विचारायचा राहून जातो.

तो प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. चंद्रपुरात शहरात आणि खुटाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे आहेत. त्यांचे आकडे कुणालाही पाहता येतात. दहा मायक्रॉनच्या धुळीचा आकडा आणि अडीच मायक्रॉनचा आकडा हे दोन वेगळे. दुसरा आधी पाहावा. मे महिन्यात पारा ४७ अंशांकडे सरकतो आणि राखेच्या बंधाऱ्याचे पाणी आटून वरचा थर कोरडा पडतो, तेव्हा त्यावर दिवसातून किती वेळा पाणी मारले जाते? राखेचे व खनिजाचे ट्रक ताडपत्री बांधून निघतात काय, आणि गावातून जाण्याऐवजी वळणरस्त्याने जातात काय? राखेचा शंभर टक्के वापर करण्याची सक्ती डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. तीप्रमाणे यंदा किती राख उचलली गेली? खाणीवरच्या मजुराच्या फुप्फुसाचा फोटो दरवर्षी निघतो काय, आणि हवेतल्या धुळीत सिलिका किती आहे हे वेगळे मोजले जाते काय? खाणीच्या किंवा कारखान्याच्या विस्तारासाठी पर्यावरणाची जनसुनावणी होते, त्या मांडवात हे प्रश्न लेखी द्यावेत आणि त्यांची पोच घ्यावी. तोंडी विचारलेले इतिवृत्तात येईलच असे नाही.